कडेचा हात

अल्बम न्यायला नवरीची आई एकटीच आली होती. लग्नाला चार महिने होऊन गेले होते, मुलगी आणि जावई दुसऱ्या गावी, तेव्हा 'तूच घेऊन ये गं' असं मुलीने फोनवर सांगितलं असणार. मी खोक्यातून अल्बम काढून टेबलावर ठेवला. काकूंनी पर्समधून रुमाल काढला, दोन्ही हातांची बोटं पुसली आणि मगच पहिलं पान उलटलं. अशी माणसं आता क्वचित भेटतात. बहुतेकांनी सगळं आधीच फोनवर पाहिलेलं असतं, त्यामुळे अल्बम पत्ते पिसावेत तसा भर्रकन फिरवतात आणि 'मस्त' म्हणून मिटतात. काकू एकेका पानावर थांबत होत्या. चष्मा वर करायच्या, खाली करायच्या, पान थोडं तिरकं धरून त्यावरची ट्यूबची चकाकी घालवायच्या. मी समोर बसून काहीतरी लिहिण्याचं नाटक करत होते. इतकी वर्षं झाली, तरी कुणी माझ्यासमोर माझे फोटो बघायला लागलं की मला धड बसवत नाही. साधारण अर्ध्यावर एका पानाशी त्या थांबल्या त्या थांबल्याच. माझा फार आवडता फोटो होता तो. नवरी खिडकीपाशी उभी, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत, पोशाखाचा घोळ जमिनीवर पसरलेला. मी मनातल्या मनात शाबासकीची वाट बघत होते. पण काकूंचं बोट चेहऱ्यावर नव्हतंच. ते खाली उजव्या कोपऱ्यात होतं. तिथे घोळाची सुरकुती ओढून सरळ करणारा एक हात होता, फक्त मनगटापर्यंत. तर्जनीला बँडेज गुंडाळलेलं.

"हा हात माझा आहे ना?"

"हो काकू. सकाळी पिन टोचली होती ना तुम्हाला."

"हां, तीच." त्यांनी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, चक्क खुश झाल्या. "बघा, आहे की मी पण!" आणि पान उलटलं. जाताना दारातून मागे वळून म्हणाल्या, "तो हाताचा एवढा भाग मोठा करून मिळेल का हो? फोटो नको पूर्ण. तो आहे माझ्याकडे." मी हो म्हटलं. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर औषधालाही नव्हता, आणि तेच मला दिवसभर खुपत राहिलं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणाला माझ्याकडे उत्तरं तयार असतात.

कारण काकूंना एक गोष्ट माहीत नव्हती. तो हात तिथे चुकून राहिला होता.

फोटो गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी मी प्रत्येक फोटोच्या कडा साफ करते. कोपऱ्यातून घुसलेलं कुणाचं कोपर, अर्ध्यात कापलं गेलेलं डोकं, स्विचबोर्ड, खुर्चीवर टाकलेली पिशवी, कुणीतरी प्यायला घेऊन विसरलेली पाण्याची बाटली. जमेल तिथे क्रॉप करायचं, क्रॉपने बाईचे पाय तुटत असतील तर क्लोन टूल घ्यायचं आणि शेजारची जमीन उचलून त्या कोपरावर थापायची. हात बसला की एका फोटोला मिनिटभरही लागत नाही. मान खाली घालून, कानात काहीतरी लावून, यंत्रासारखं करायचं काम आहे ते. त्या लग्नातल्या निदान तीस-चाळीस फोटोंतून मी काकूंना अशा पुसून काढल्या असतील. खांदा, पाठ, दंड, नवरीच्या कानाशी काहीतरी टोचणारी दोन बोटं. खिडकीच्या फोटोपर्यंत येईतो रात्रीचे दोन वाजले असावेत, डोळे चुरचुरत होते, आणि सावलीतला तो हात मला दिसलाच नाही. दिसला असता तर आज तो नसता. ज्या फोटोत 'आहे की मी पण' म्हणून बाई खुश झाली, तो माझा आळस होता.

लग्नाच्या दिवशी मी हॉलवर पोचले तेव्हा काकू खुर्च्या मोजत होत्या. मोजता मोजता, आकडा न चुकवता, मला म्हणाल्या, "चार्जिंगला त्या खांबामागचा प्लग घ्या, बाकीचे चालत नाहीत." दिवसभरात मला कुणाकडून मिळालेली खरी उपयोगाची माहिती तेवढीच. त्यानंतर त्या मला सतत दिसत होत्या आणि तरी धड कधीच दिसल्या नाहीत. कुणाची बटणं तुटली, सुई-दोरा काकूंच्या पर्समध्ये. कुणाचं डोकं दुखतंय, गोळी काकूंच्या पर्समध्ये. आणि माझ्या कॅमेऱ्यासमोरून जायची वेळ आली की त्या वाकायच्या. दर वेळी. कमरेतून वाकून, मान आत घेऊन, एक तळहात माझ्याकडे धरून, माफी मागत मागत उंदरासारख्या पलीकडे पळायच्या. ही चाल मी ओळखते. प्रत्येक लग्नात असे वाकून जाणारे चार-पाच जण असतात. आपल्यामुळे दुसऱ्याचा फोटो बिघडू नये म्हणून ते स्वतःची उंची फूटभर कमी करतात. लग्न खरं तर तेच चालवत असतात. बाकीचे लग्नाला आलेले असतात. आणि मी काय करते? व्ह्यूफाइंडरला डोळा लावून, शटर अर्धं दाबून, त्या पलीकडे जायची वाट बघते. फ्रेम मोकळी झाली की क्लिक.

त्या रात्री मला दागेरचा तो रस्ता आठवला. फोटोग्राफीच्या कुठल्याही वर्गात पहिल्या आठवड्यात दाखवतात तो. लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलवार द्यू तांप्ल या रस्त्यावर वरच्या खिडकीतून कॅमेरा रोखला होता. चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची प्लेट, आणि तिच्यावर चित्र उमटायला लागणारी कित्येक मिनिटं. रस्ता वाहता होता, घोडागाड्या होत्या, माणसं होती. प्लेटवर यातलं काहीही आलं नाही. जे हललं ते गेलं. घरं राहिली, झाडं राहिली, आणि खाली डाव्या बाजूला एक माणूस राहिला, कारण तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय उचलून बराच वेळ उभा होता. माणूस दिसणारा हा सर्वांत जुना ज्ञात फोटो मानला जातो. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी त्या माणसाभोवती पेन्सिलीने गोल केला होता आणि मी ते वहीत तसंच उतरवून घेतलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच फोटोची मोठी प्रत बघताना माझं लक्ष गोलाच्या कडेला गेलं. पायाशी आणखी एक आकृती आहे. बूट पुसणारा. तो बसला होता म्हणून थोडाफार उमटला, पण हात चालू होते, त्यामुळे तो नुसता एक गचाळ डाग झाला आहे. ज्याच्यामुळे तो पहिला माणूस फोटोत टिकला, तो स्वतः पुसट. माझ्या वहीतल्या गोलात तो आलाच नव्हता.

आणि मग ते 'हिडन मदर' फोटो. एकोणिसाव्या शतकातल्या लहान मुलांच्या फोटोंचा तो एक चमत्कारिक प्रकार आहे. एक्स्पोजर आता मिनिटांवरून सेकंदांवर आलं होतं, पण बाळ तेवढे सेकंदही स्थिर राहत नाही. मोठ्या माणसांसाठी स्टुडिओत लोखंडी टेकू असायचे, मानेच्या मागून डोकं धरून ठेवणारे. बाळाला टेकू कोण? तर आई. आईने खुर्चीत बसायचं, डोक्यावरून पायापर्यंत जाड कापड ओढून घ्यायचं आणि त्या कापडावर बाळ मांडीत धरायचं. बघणाऱ्याला वाटावं, बाळ खुर्चीत बसलंय. वाटत काही नाही तसं. खुर्चीला खांदे आहेत हे शेंबडं पोरही सांगेल. काही फोटोंत आई पडद्यामागे असते आणि पडद्यातून फक्त हात येऊन बाळाची कंबर धरतो. अनेकदा फोटोवर लंबगोल खिडकीचा पुठ्ठा बसवायचे, म्हणजे त्यातून बाळ तेवढं दिसायचं. आज दीडशे वर्षांनी कुणी ते पुठ्ठे काढतं आणि खालून कापड पांघरलेली बाई निघते. पहिल्यांदा असे फोटो पाहिले तेव्हा मी हसले होते. भुतासारखं दिसतं ते. त्या फोटोग्राफरांना एवढंसुद्धा कळू नये, असं वाटलं होतं.

माझ्याकडे पुठ्ठ्याऐवजी क्लोन टूल आहे.

ग्रुप फोटोचं तर एक गणितच आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी ते मांडलं आणि २००६ मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल, म्हणजे हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीशीर बक्षीस, मिळालं. ग्रुपमध्ये २० पेक्षा कमी माणसं असतील आणि उजेड चांगला असेल, तर माणसांच्या संख्येला ३ ने भागायचं. तेवढे फोटो काढले की निदान एकात कुणाचेही डोळे मिटलेले नसण्याची जवळजवळ खात्री. उजेड कमी असेल तर २ ने भागायचं, कारण शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि पापणी सापडते. म्हणजे १८ जणांना सहा, आणि हॉलच्या पिवळट उजेडात नऊ. ऐकायला विनोदी आहे, पण मी हे इमानेइतबारे पाळते आणि ते चालतं. एकच अडचण आहे. माणसं जागेवर उभी आहेत असं ते धरून चालतं. त्या लग्नात घरच्या ग्रुपला मी चार वेळा "काकू, या ना" म्हटलं. चारही वेळा उत्तर आलं, "तुम्ही घ्या, मी आलेच." कुणाची तरी गाडी निघत होती, कुणाच्या तरी हातात पिशवी द्यायची राहिली होती. मी भागाकार केला आणि नऊ फोटो घेतले. त्यांच्यासाठी ठेवलेली जागा तिसऱ्या फोटोपर्यंत शेजारच्या मावशींनी सरकून भरून काढली होती. अल्बममध्ये तो फोटो दोन पानं भरून आहे आणि सगळ्यांचे डोळे टक्क उघडे आहेत.

लोकांना वाटतं लग्नाच्या फोटोग्राफरला क्षण पकडता येतो. येतो कधी कधी. पण किती सुटतात याचा हिशेब फक्त आमच्याकडे असतो. दुसऱ्या एका लग्नात निरोपाच्या वेळी नवरीचा बाप, दिवसभर दगडासारखा वावरलेला माणूस, अचानक मुलीला मिठी मारून हुंदके द्यायला लागला. मी तीन फुटांवर होते. फोकस लागलेला, सगळं जागेवर, मी शटर दाबलं आणि फ्लॅश पेटलाच नाही. सलग वापराने बॅटरी थकली होती, फ्लॅश पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद घेत होता. फोटो काळा. तो लाल दिवा लागायची वाट बघताना मला माझ्या छातीतले ठोके ऐकू येत होते, आणि दिवा लागला तेव्हा ते दोघं बाजूला होऊन डोळे पुसत होते. मग मी ते केलं, जे मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही. म्हटलं, "काका, एकदा परत." आणि काका परत आले. शहाण्या मुलासारखे. मुलीच्या खांद्यावर हनुवटी ठेवली, डोळे मिटले, मी 'झालं' म्हणेपर्यंत तसेच उभे राहिले. कोरडे. तो फोटो त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर लावला आहे. मुलीने मला सांगितलं की घरी येणारा प्रत्येक जण त्यापुढे उभा राहून भावुक होतो. मी 'छान' म्हटलं. काय म्हणणार? कधी वाटतं, मी फसवणूक केली. कधी वाटतं, त्या माणसाने तेवढ्या दोन सेकंदांत मला सांभाळून घेतलं. मिठी मला दिली होती त्यांनी, मुलीला नाही.

लग्नाआधीचं जे शूट असतं, जोडप्याचं, त्यात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो. तिथे वेळच वेळ असतो आणि घडत काहीच नाही. दोन माणसं उभी, त्यांच्यामध्ये वीतभर हवा, आणि मी पंचाऐंशी मिलिमीटरची लेन्स लावून आठ-दहा पावलं लांब. 'नॅचरल उभे राहा' हे जगातलं सर्वांत निरुपयोगी वाक्य आहे, त्याने माणसाला स्वतःचे हात कुठे असतात हेसुद्धा आठवेनासं होतं. 'हसा' हे त्याच्या खालोखाल. द्यूशेन नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता, त्याने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन फोटो काढले होते आणि १८६२ मध्ये मांडलं होतं की ओठांचे कोपरे कुणीही हुकुमाने वर नेऊ शकतं, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा हलत नाही. द्यूशेनचे फोटो बघवत नाहीत, पण माणूस बरोबर होता. म्हणून मी खोटं बोलते. "झालं, मस्त आला," म्हणून कॅमेरा छातीपर्यंत खाली आणते, ते दोघं सुटकेचा श्वास सोडतात, एकमेकांकडे बघून 'किती मूर्खासारखे दिसलो' म्हणून हसतात, आणि तेव्हा मी खरा फोटो काढते. सगळ्यांना चालतं हे. यूसुफ कार्श या पोर्ट्रेट फोटोग्राफरने तर १९४१ मध्ये ओटावात चर्चिलच्या तोंडातला सिगार सरळ काढून घेतला आणि त्या संतापलेल्या चेहऱ्याचा फोटो काढला, जो पुढे जगभर गाजला. माझ्यात तेवढी हिंमत नाही. मी थापांवर भागवते.

पोर्ट्रेट काढून घ्यायला येणाऱ्यांचं आणखी वेगळं. फोटो दाखवला की दहातले आठ जण म्हणतात, "मी अशी दिसते?" आणि बरोबर आलेली मैत्रीण म्हणते, "अगं, अगदी तूच आहेस." दोघी खऱ्या असतात. १९७७ मध्ये अमेरिकेत यावर एक प्रयोग झाला होता: स्त्रियांना त्यांचा सरळ फोटो आणि आरशातल्यासारखा उलटा केलेला फोटो दाखवला, तर त्यांना स्वतःला उलटा अधिक आवडला आणि त्यांच्या जवळच्यांना सरळ. जन्मभर आपण आपल्याला आरशातच भेटत असतो, त्यामुळे भांग पलीकडे गेलेली ती बाई आपल्याला परकी वाटते. हे कळल्यापासून मी 'मी अशी दिसते?'चं वाईट वाटून घेणं सोडलं. त्याआधी दर वेळी लेन्स बदलत बसायचे.

तर त्या मुलीचं, काकूंच्या मुलीचं, लग्नाआधीचं शूटही मीच केलं होतं. ते मी जवळजवळ विसरले होते. हाताची प्रिंट करायची म्हणून मी जुनी हार्ड डिस्क काढली तेव्हा ते फोल्डर समोर आलं. आधी मी लग्नाचं फोल्डर उघडलं. रॉ फाइल्सचं, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइल्सचं, एक बरं असतं, क्रॉप केलेलं, पुसलेलं सगळं त्यात जसंच्या तसं असतं. कॅमेऱ्याने बघितलेलं ती विसरत नाही. ३,२८६ फोटो होते. रविवार होता, बाहेर जायचं नव्हतं, मी एकेक बघत गेले आणि ज्यात काकू आहेत त्याला खूण करत गेले. एरवी मी छाटणी करते ती नाकारण्यासाठी. कीबोर्डवरचं एक बटण सारखं दाबत, डोळे मिटलेले, हललेले, दुसऱ्यासारखेच असलेले फोटो उडवत जायचं. त्या दिवशी बोट तेच, कीबोर्ड तोच, पण काय बघायचं ते उलटं. नवरी दिसलीच नाही मला दोन तास. २१४ फोटोंत काकू कुठे ना कुठे होत्या. त्यांतल्या ११ मध्ये चेहरा. कॅमेऱ्याकडे बघत असलेले फक्त दोन, आणि त्या दोन्हींत त्या मला हाताने खुणावत होत्या, 'माझा नको, तिकडे घ्या, तिकडे.'

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये वडील नाहीत, कारण कॅमेरा त्यांचा. छत्तीस फोटोंचा रोल त्यांना सहा-सहा महिने पुरायचा. त्यांच्या फोटोंच्या कडा माझ्यासारख्या स्वच्छ नसायच्या, कुणाचं ना कुणाचं कोपर असायचंच. माझ्या लहानपणीच्या एका फोटोत मी अंगणात उभी आहे आणि माझ्या पायांपर्यंत एक लांब सावली आली आहे, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, डोक्याच्या जागी कॅमेऱ्याचा ठोकळा. शिकायला लागले तेव्हा ही चूक असते असं मला कळलं आणि मी त्यांना ते सांगितलंही, मोठ्या ऐटीत. आता घरात त्यांचा त्या वयाचा तेवढाच फोटो आहे. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ मध्ये लेन्सवरचं झाकण काढून, धावत कॅमेऱ्यासमोर जाऊन स्वतःचा फोटो काढला होता म्हणतात. केस विस्कटलेले, चेहरा मध्यावरून जरा ढळलेला. वडिलांना तेवढं धावायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी लाजले असते.

मग शूटचं फोल्डर उघडलं आणि आठवलं. त्या दिवशी माझा असिस्टंट आला नव्हता. मुलीच्या चपला आणि पाण्याची बाटली धरायला काकू बरोबर आल्या होत्या, आणि चेहऱ्यावर उजेड परतवणारा रिफ्लेक्टर धरायला कुणी नाही म्हटल्यावर त्यांनीच तो पांढरा गोल हातात घेतला. दोन मिनिटांत त्यांना कळलं की तो किंचित खाली झुकवला की मुलीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात. असिस्टंटला हे शिकवायला मला महिना लागला होता. "इथे धरू का? की अजून जवळ?" आणि तासभर, हात दुखले तरी, तशाच. मुलीचा एक अगदी जवळून काढलेला चेहरा आहे त्यातला. तो मी शंभर टक्क्यांवर झूम केला, सवयीने, फोकस पापणीवर आहे ना बघायला. डोळ्याच्या बाहुलीत पांढरा गोल होता. त्याला आम्ही कॅचलाइट म्हणतो, तो नसला तर डोळे मेल्यासारखे दिसतात. गोलाच्या एका बाजूला कॅमेरा धरलेली मी, काळा ठिपका. आणि गोलाच्या वरून डोकावणारा आणखी एक ठिपका, दोन्ही बाजूंना बोटांसारखं काहीतरी. २०१३ मध्ये रॉब जेन्किन्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की खूप बारीक तपशिलाचा फोटो असेल तर डोळ्यात उमटलेल्या माणसांचे चेहरे ओळखीच्यांना ओळखता येतात. माझा कॅमेरा काही तेवढ्या ताकदीचा नव्हता. बारा-पंधरा पिक्सेलचा ठिपका तो. काकू आहेत, कारण मी तिथे होते आणि मला माहीत आहे. हा फोटो मी त्या वेळी खूप निगुतीने रिटच केला होता. त्वचा, केस, मागच्या फांद्या. डोळ्यांना हात लावायचा नसतो म्हणून ते तेवढे वाचले.

हाताची प्रिंट काही फार मोठी होईना. मूळ फोटो लांबीला सहा हजार पिक्सेल, त्यातला हात जेमतेम सातशे. तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, सव्वादोन इंच होतो. शिवाय फोकस मुलीच्या डोळ्यावर, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे हात मुळातच धूसर. ताणून ताणून पोस्टकार्डाएवढा केला. जवळून बघितला तर दाणे दिसतात, लांब धरला तर हात दिसतो. बँडेज मात्र का कोण जाणे, जरा जास्तच स्पष्ट आलं होतं.

काकू ती न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना बसवलंच. मागे राखाडी कापड लावलेलं होतं, दिवा तयार होता, स्टूल ठेवलेलं होतं. "अहो, माझा कशाला," झालं, "केस बघा कसे झालेत," झालं, शेवटी बसल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मी 'हसा' म्हटलं नाही. 'झालं' म्हणून कॅमेरा खाली आणायची थाप मारून बघितली, तर त्या लगेच उठायला लागल्या. परत बसवलं. पासपोर्टला बसतात तशा बसल्या होत्या, श्वास रोखून, खांदे वर, त्यांचा जो चेहरा मी २१४ फोटोंत शोधत होते त्याचा मागमूस नाही. सहा-सात काढले. कॅमेरा वळवून मागच्या स्क्रीनवर दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मला वाटलं आता 'मी अशी दिसते?' येणार.

"मागचं कापड वाकडं झालंय," म्हणाल्या.

आणि उठल्या. कापडाच्या उजव्या कडेला गेल्या, चुणी दोन बोटांत धरून खालपर्यंत ओढली, तळहाताने दोनदा सपाट केली. एक पाऊल मागे येऊन मान तिरकी करून बघितलं, पुन्हा जाऊन खालचं टोक जरासं खेचलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला तसा माझ्याकडे एक कटाक्ष टाकून त्या कमरेतून वाकल्या, मान आत घेतली, तळहात पुढे धरून लगबगीने स्टुलाच्या पलीकडे, भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"हं," म्हणाल्या. "आता घ्या."